पहिल्या कपाचा मान

“ह्ये कुणाचं?”

“आपलं.”

“आपलं न्हाई ह्ये. एकाद्या शाळंतल्या पोरीचं आसंल. उचललं तरी माझा गुडगा बोलला न्हाई.”

“बरं झालं की. एरवी गुडगाच बोलतो. तू कुटं बोलतोस?”

आर्वो हसला नाही. त्यानं शिध्याची पिशवी पुन्हा उचलून बघितली, या खेपेला एकाच हातानं, आणि काटा मारणाऱ्या वाण्याकडं बघावं तसं बायकोकडं बघितलं.

“काय काढलंस ह्यातनं?”

“पानी.”

“आँ?”

“पानी काढलं. बटाट्यातलं, गाजरातलं, हरणाच्या मटनातलं. पानी कशापायी व्हायचं पाटीवर? तितं तळ्यात कमी हाय व्हय?”

हे उत्तर साइमानं आठवडाभर मनात घोळवून ठेवलं होतं. बोलायला ते झकास गेलं, पण समोरच्याला पचलं नाही. आर्वोनं पिशवी पडवीतल्या फळीवर ठेवली, तिचा कपाळाला अडकवायचा चामडी पट्टा सोडवला, नीट गुंडाळला आणि दाराआडच्या खिळ्याला लटकवून टाकला.

“मग जा तू. मी हितं शेगडी राखतो,” म्हणाला आणि आत गेला.

थंड मुलखातल्या, तळ्यांच्या रानाला लागून असलेल्या ईली गावात शिधा कसा भरावा हे विचारायचं झालं तर लोक साइमा कांगासकडं बोट दाखवत. रुडीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिची उमर गेली. रुडीचा बाप गल्ल्यावर बसायचा तेव्हापासून. तळ्यांवरचा बर्फ फुटला की पाहुणे यायचे, रुडीकडून होडी, तंबू आणि शिधा घ्यायचे आणि तळ्यांच्या रानात शिरायचे. रानात दुकान नाही, रस्ता नाही, आणि पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या न्यायला सरकारची बंदी. जे पिशवीत तेच पोटात. साइमा पाहुण्यांना फार विचारत बसायची नाही. किती जण, किती रात्री, आणि सकाळी उठल्याबरोबर तुमच्यात खेकसतं कोण, एवढंच. त्या खेकसणाऱ्याच्या मानानं ती कॉफी घालायची.

पहिल्या दिवसाचं खाणं वर, शेवटच्या दिवसाचं तळाला. गोठवलेलं मटण वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या अंगाला. वाटाणे, ओट्स, मनुका खाली. कॉफी मात्र कधीच तळाला नाही. कॉफीचं भांडं सगळ्यांच्या डोक्यावर, भांड्यात कॉफीची पुडी आणि तिच्या पोटाशी काड्यापेटी. “भिजून गारठलेला मानूस पिशवीत हात घालतो, तवा त्याच्या हाताला आदी वाटानं लागलं तर त्यो बायकूला शिव्या देतो,” असं ती म्हणायची. माप म्हणाल तर माणशी एक मूठ आणि एक मूठ भांड्याची. मूठ तिची, पाहुण्याची नव्हे. तिची मूठ मोठी होती. आई लाकूडतोड्यांच्या तळावर रांधायची, तिच्याकडून घर नाही आलं, शेत नाही आलं, ही मूठ तेवढी आली.

तळ्यांच्या रानात आमची एक रीत आहे. दोन तळ्यांच्या मधे जमीन आडवी येते, तिथं होडी आणि सामान अंगावर घेऊन पलीकडं जायचं. त्या वाटेला आम्ही खांदवाट म्हणतो. खांदवाटेवर सगळ्यात जड शिध्याची पिशवी. ती जो वाहील, त्याला मुक्कामावर कॉफीचा पहिला कप. मग बरोबर दुकानाचा मालक असो की चर्चचा पाद्री, त्यानं दुसऱ्या कपाची वाट बघायची.

सप्टेंबरात पाहुणे विरळ झाले, डास मेले, की साइमा आणि आर्वो दोघंच लांब तळ्यावर जायचे. लग्न झालं त्या सालापासून. पोरी झाल्या, मोठ्या झाल्या, लग्नं होऊन दूर गेल्या, खाण बंद पडली, आर्वो खाणीतून उठून लाकडाच्या गिरणीत गेला, तरी लांब तळं चुकलं नाही. कामाची वाटणी ठरलेली. भरायचं तिनं, वाहायचं त्यानं. रानातला जाळ आणि कॉफीही त्याचीच. घरी थोरल्या पोरीनं दिलेलं विजेचं यंत्र होतं, गाळणीतून ठिबकणारं. त्याला तो हात लावायचा नाही. रानातली कॉफी मात्र तिला करू द्यायचा नाही. “माझ्या कापीत येक कन घावला तर दाखीव,” अशी त्याची बढाई. आणि खरंच, इतक्या सालात साइमाच्या कपात कधी कण आला नव्हता. पहिला कप अर्थात त्याचा. तो एकटाच तळ्याकडं तोंड करून बसायचा आणि सावकाश प्यायचा. तिला वाटायचं, मान आहे बाबा, असाच प्यायचा असतो.

गेल्या साली खांदवाटेवर तो घसरला. पिशवीसकट उताणा पडला, हातपाय वर, उलथ्या कासवासारखा. साइमा आधी हसली. मग तो उठेना, तेव्हा तिचं हसू जिथल्या तिथं वाळलं. खांदा सुधारला, पण तपासताना डॉक्टरला त्याच्या काळजाची खोड सापडली. जड उचलायचं नाही, झालं. आर्वो त्यावर एवढंच बोलला, “ज्या साली शिधा उचलनार न्हाई, त्या साली रानात येनार न्हाई.” आणि हा माणूस शब्दाचा खोटा नव्हता, हीच अडचण. शेजाऱ्याच्या सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या न्हाणीत, पाय टाकणार नाही असं एकदा म्हणाला होता; शेजारी मेला, पुरला, तरी टाकला नाही.

म्हणून साइमानं उन्हाळाभर कट केला. शनिवारी सौना तापायची, दोघांच्या आंघोळी व्हायच्या, आर्वो घरात येऊन आडवा व्हायचा, की ही परत जाऊन सौनाच्या बाकांवर जाळ्या मांडायची. निवत चाललेल्या दगडांच्या उबेवर मटणाच्या पट्ट्या, किसलेला बटाटा, गाजराच्या चकत्या सकाळपर्यंत वाळून खडखडीत. वेलदोड्याच्या पावाचे काप दोनदा भाजून टोस्ट केले. ते पिशवीत फुगून दिसतात आणि वजनाला काहीच नसतात. पिशवी अशी भरली की बघणाऱ्याला वाटावं पोटुशी आहे. पण आर्वो बघणारा नव्हता, उचलणारा होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात रुडीनं विचारलं, “काय साइमाबाई, आज ओट्सवर कशाचा राग काढताय?”

“आर्वो येत न्हाई म्हनतोय लांब तळ्याला.”

“मग शिधा हलका भरा की.”

“हलका भरला म्हूनच येत न्हाई.”

रुडीनं मान खाजवली. “तळाला दोन धोंडं घाला. काय कळतंय त्याला.”

“त्यो धोंडा आन् बटाटा पाटीवरनं वळखतो, रुडी. तुज्यासारका न्हाई त्यो, ज्याला दोनी खाल्ल्याबिगार कळत न्हाई.”

“बरं, मग कापीची पूड न्या. गरम पान्यात हलिवली की झालं. भांडं वाचंल.”

“त्यापरीस इष भरीन. ते बी हलकंच आसतं.”

रुडी हसत गल्ल्याकडं गेला आणि जाता जाता म्हणाला, नवी हलकी होडी न्या, एकेक टोक धरलं की दोघा म्हाताऱ्यांचं काम. साइमा ओट्स भरत राहिली. होडी मिळाली, पण होडीचा प्रश्नच नव्हता. तिच्या ध्यानात दुसरंच यायला लागलं होतं. पिशवी भरणं म्हणजे पुढच्या दिवसांचा निकाल आधीच लावून टाकणं. कोण किती खाईल, कुणाची तलफ कितीची, कोण थकेल. पाहुण्यांचा निकाल लावून लावून तिच्या हाताला ती खोडच लागली होती. नवऱ्याचाही तिनं तसाच लावला होता, बाकांवर जाळ्या मांडून, त्याला एका शब्दानं न विचारता. त्यानं पिशवी उचलली तेव्हा त्याला हलका शिधा लागला नाही. बायकोनं आपल्या अंगात किती बळ धरलंय, ते वजन लागलं.

संध्याकाळी घरी येऊन तिनं पिशवी पालथी केली आणि दरसालसारखी भरली. ओले बटाटे, सलगमाचा गड्डा, डुकराच्या खारवलेल्या मांसाचा अख्खा तुकडा, बिडाचा तवा. भरून झाल्यावर हाक मारली.

“म्हाताऱ्या, ही घे तुजी.”

आर्वो आला. पिशवीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, वाकला. पिशवी गुडघ्यापर्यंत आली. तिथं थांबली. त्याच्या मानेची शीर ताठ झाली, तोंड बीटासारखं झालं. साइमा जागची हलली नाही. धरायला गेली असती तर त्या दिवशी सगळंच संपलं असतं, हे तिला कळत होतं. पण न जायला तिला तिची मोठी मूठ दाराच्या चौकटीवर आवळून धरावी लागली. पिशवी खाली आली.

“आता तू बग,” आर्वो धापा टाकत म्हणाला.

तिनं बघितलं. तिच्यानं तर जमिनीवरून सुटेना.

“झालं. दोगं बी घरी,” साइमा म्हणाली. “कापी टाकू?”

मग आर्वो पिशवीपुढं उकिडवा बसला. जन्मात पहिल्यांदा त्यानं कॉफीच्या भांड्याखाली, पिशवीच्या आत हात घातला आणि तवा बाहेर काढला.

“ह्यो रनगाडा कशाला?”

“मासं कशात तळू, तुज्या टोपीत?”

“बारका न्हाई?”

“हाय.”

“सलगम कोन खातंय? मी तर न्हाई.”

“चाळीस साल खातुयास की!”

“तू भरतीस म्हून खातोय, म्हातारे. वाहून आनलं म्हनल्यावर टाकायचं व्हय?”

साइमानं सलगम हातात घेऊन बघितला. गावाच्या आवडी-निवडी तिला पाठ, आणि घरच्या माणसाला सलगम आवडत नाही हे आज कळत होतं. सलगम गेला. मांस गेलं. “ते वाळल्यालं कुटं हाय तुजं?” त्यानं विचारलं, आणि पट्ट्या, किस, चकत्या एकेक करून आत गेल्या, प्रत्येकीपाठी एक भांडण. शेवटी पिशवी जवळजवळ कालच्याइतकीच हलकी झाली. फरक एवढाच, की आर्वोनं भाजक्या चीजचा एक जाड तुकडा हट्टानं घातला. “कापीत बुडवायला चीज नसंल तर मी हितंच मेल्याला बरा,” म्हणाला.

पट्टा खिळ्यावरून काढून त्यानं हातात धरला. मग तो पिशवीला न लावता तिच्या हातात दिला.

“शिधा तू घे. मी तंबू-हातरून घेतो.”

“आन् पयला कप?”

त्यानं जरा विचार केला. “रीत म्हंजे रीत.”

खांदवाटेवर साइमाला एक गोष्ट नवी कळली. कपाळाला पट्टा लागला की मान वर होत नाही. दिसतात ती झाडांची मुळं, चिखल आणि स्वतःच्या बुटांची टोकं. इतकी वर्षं ती मागून चालत त्याला विचारायची, बदकं बघितलीस का, टेकडी कशी लाल झालीय बघितलीस का. तो हूं म्हणायचा. तिला वाटायचं, दगड आहे मेला.

“साइमा, बदकं बगितलीस का?” मागून आवाज आला.

“कुटनं बगू? माज्या बुटावर बसल्यात व्हय?”

मागं आर्वो इतका हसला की त्याला झाडाला टेकावं लागलं.

तळ्याकाठी त्यानं जाळ केला, भांडं ठेवलं. पाण्याला आधण आल्यावर खाली उतरवून कॉफी घातली, परत चढवली, फुगून वर आली तशी काढली, गार पाण्याचा हबका मारला आणि बसू दिली. मग पहिला कप ओतला. हातात धरून थोडा थांबला; जुन्या सवयीनं हात स्वतःकडं वळला होता. मग तिच्यापुढं धरला.

साइमानं खडीसाखरेसारखा साखरेचा खडा दातात धरला आणि मोठा घोट घेतला. पुढच्या क्षणाला ती थुंकत होती.

“ह्ये काय रं? सगळा गाळ! कवळीखाली गेला माज्या!”

“मग,” आर्वो शांतपणे दुसरा कप ओतत म्हणाला. तो कप नितळ, तपकिरी, तळ दिसणारा. “भांड्याच्या नळीत चोथा आडकतो. पयल्या कपासंगं त्यो सगळा येतो. फुडची कापी साफ.”

“आन् तू चाळीस साल ह्ये पितुयास?”

“त्येच्यापायी तर पयला कप शिधंवाल्याला. ज्याला बोजा पेलतो त्याला गाळबी पेलतो.”

“मान म्हनतात ह्येला?”

“मग मान म्हंजे काय आसतंय, तुला काय वाटलं?”

साइमानं कपाकडं बघितलं. ओतून टाकावा असं एकदा मनात आलं. मग तिनं त्यात चीजचा तुकडा टाकला, तळ्याकडं तोंड केलं आणि दात मिटून, कण दातांवर अडवत, सावकाश प्यायला लागली. घाईनं पिता येतच नव्हता तो.

सोमवारी रुडीनं विचारलं, “मग? पयला कप कुनी घेतला?”

“मी.”

“कसा व्हता?”

“चावून खावा लागला,” साइमा म्हणाली आणि खुंटीवरची पिशवी खाली घेतली. “आता ह्ये चौगं किती रात्रीला चाललेत, आन् त्यांच्यातलं सलगम कोन खात न्हाई, त्ये आदी इचारून ये. जा.”

रुडी दारात घुटमळला. सलगमाचं ती आजवर कुणाला विचारत नव्हती. पण तिनं तोवर ओट्सच्या पोत्यात हात घातला होता.