कुठं अडकलं, साळवे?

"कळलं नाही" असं कुणी म्हटलं की सरांचा चेहरा उजळायचा. इतर मास्तरांच्या कपाळावर जिथं आठी पडते, तिथं सरांच्या डोळ्यांत चमक यायची. खिशातलं पेन काढायचे, लांबट वही उघडायचे आणि विचारायचे, "हां, बोला. कुठं अडकलं?" भाईंदरच्या त्या कॉलेजातली पोरं मागून त्यांना 'अडकलं-सर' म्हणायची. मी नुसतं सर म्हणायचो. अजूनही मनात तेच नाव आहे.

मी तिथं शिपाई होतो. सातवीतच शाळा सुटलेली. बायको आणि लेक परभणीकडं, गावात. मी काशीमिऱ्याला चौघांच्या खोलीत एक कोपरा धरून. नोकरी हंगामी, त्यामुळं कायम धास्ती की आज कुणीतरी म्हणणार, उद्यापासून येऊ नको. सगळे हाक मारायचे ती 'ए साळवे' अशी. नव्वदनंतरची ती वर्षं. कुणा कारखानदारानं कॉलेजला पाच कॉम्प्युटर दिले, तळमजल्यावर त्यांची खोली झाली. चपला बाहेर, खिडक्या बंद, मशीनांवर कापडी झाकणं. झाकणं धुणं आणि धूळ पुसणं माझ्याकडं. पहिल्या दिवशी मी भिंतीला टेकून उभा होतो तर सर म्हणाले, "अहो साळवे, बसा की. तुम्ही उभे राहिलात म्हणून मशीन काही लवकर सुरू होणार नाही."

'अहो.' गाव सोडल्यापासून माझ्या वाट्याला आलेला तो पहिलाच. त्या रात्री घरी पत्र लिहिलं त्यात हेच लिहिलं, बाकी काही सुचलं नाही.

सर घोडबंदरचे. वडील, आजोबा मिठागरावर राबलेले. घरातला पहिला शिकलेला माणूस म्हणजे हे. लग्न केलं नव्हतं, घरी म्हातारी आई. खाडीची खारट हवा लोखंडाला खाते ते त्यांना लहानपणापासून ठाऊक, म्हणून फ्लॉपी कपाटात ठेवायचे नाहीत. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवायचे, घट्ट झाकण लावून. डबा आईचा, त्यात आधी सुकट असायची. फ्लॉपीलाही तो वास. मी नाकाला रुमाल लावला की म्हणायचे, "अहो, मशीनला सुकटीचा वास लागला म्हणजे ते आपल्यातलं झालं." मशीन मध्येच थिजलं तर मात्र त्यांची घरची बोली बाहेर यायची. पडद्यावर टिचकी मारत विचारायचे, "आरं, हाय का न्हाय तू?"

बीकॉमच्या पहिल्या वर्षाला ते गणित शिकवत. मराठी शाळेतून आलेली पोरं तिथं गळपटायची, आणि सरांच्या मनात आलं की धडा मशीनवर करावा. मशीन थकत नाही, ओरडत नाही, प्रत्येकाला त्याच्या चालीनं जाऊ देतं. काळ्या पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं, खाली प्रश्न. बरोबर उत्तर टाकलं की पुढचा पडदा. पण धडा बरा की वाईट हे तपासायचं कुणी? बरोबरीचे प्राध्यापक हसायचे, पोरांना गाइड हवी होती. तेव्हा सरांनी मला खुर्चीत बसवलं.

"मला येत नाही हो काही," मी घाबरून म्हणालो.

"म्हणूनच. ज्याला येतं त्याचा मला उपयोग नाही. एक लक्षात ठेवा, तुम्ही अडकलात तर चूक धड्याची. तुमची नाही."

रोज दुपारी दोन ते चार, खोलीत आम्ही दोघंच. पोरं दारातून डोकावायची, "सर, साळवे को बीकॉम करा रहे क्या?" सर वळायचेही नाहीत. "करतोय. तू कधी करतोस?" मी एकेक कळ शोधून दाबायचो आणि अडकलो की सांगायचो. सर वहीत लिहायचे: पडदा चार, साळवे अडकले. दुसऱ्या दिवशी तो पडदा बदललेला असायचा. माझ्या न कळण्याला अशी किंमत कधी आली नव्हती. खोलीवर परतलो की बोलायला कुणी नसायचं. मी दुसऱ्या दिवशीच्या दोन वाजण्याची वाट बघत पडून राहायचो.

अकरावा पडदा मिठागराचा होता. पहिल्या दिवशी वाफ्यात दहा बोटं पाणी, चौथ्या दिवशी चार बोटं. तर रोज किती बोटं आटलं? सहा बोटं, चार दिवस. मी दीड टाकलं. पडदा म्हणाला, पुन्हा विचार करा. पुन्हा दीड, पुन्हा तेच. हा पडदा करून बघताना सरांनी दोन टाकलेलं मी पाहिलं होतं. मी दोन टाकलं. पुढचा पडदा आला.

"कळलं ना?" सरांनी विचारलं. तीन आठवडे जागून त्यांचे डोळे लाल झाले होते. दोन दिवसांनी प्राचार्य आणि संस्थेची माणसं धडा बघायला येणार होती. धडा पसंत पडला तर खोली सरांकडं राहणार, नाहीतर बाहेरच्या एका क्लासला भाड्यानं जाणार, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. आणि माझ्या मनात वेगळंच. सारखं नाही म्हणत राहिलो तर सर दुसरा कुणी बघतील. मग मला 'अहो' कोण म्हणणार?

"कळलं, सर," मी म्हणालो.

माणसं धडा बघायला आली त्या दिवशी एकेका मशीनवर चार-चार पोरं बसली. प्राचार्य मागं खुर्चीत. दहा पडदे झरझर गेले, संस्थेचे एक गृहस्थ मान डोलवायलाही लागले. मग अकरावा आला. पाचही मशीनांवर दीड. पाचही पडद्यांवर, पुन्हा विचार करा. पुन्हा दीड. एक पोरगा ओरडला, "सर, मशीनच नापास!" हशा झाला. प्राचार्य उठले. "सर, फळ्यावर हे पाच मिनिटांत झालं असतं," एवढंच बोलून बाहेर गेले. त्यांच्या मागून सगळे.

मी झाकणं घालत होतो. सर डबा बंद करत म्हणाले, "साळवे, तुम्ही तिथं अडकला होतात?"

"हो, सर."

वाटलं, आता 'ए साळवे' ऐकू येणार. सरांनी पडद्यावरचा प्रश्न परत वाचला. मग वही उघडली. "दिवस चार, पण मधल्या रात्री तीन, म्हणून उत्तर दोन. मी वाफ्याच्या बांधावर वाढलो, मला ते दिसलंच नाही. म्हणून तर तुम्हाला बसवलं होतं." लिहिता लिहिता थांबले. "आणि विचारलं कसं मी? कळलं ना, असं. त्याला माणूस होच म्हणतो. कुठं अडकलं, असं विचारायला पाहिजे होतं."

त्यांनी लिहिलेलं मी वाचलं: पडदा अकरा, मी अडकलो.

खोली क्लासला गेली. सरांची नेमणूकही दरवर्षीची. त्या वर्षी पुढची आली नाही. शेवटच्या दिवशी दोन वाजता ते डबा घ्यायला आले. मी उभा होतो. "बसा," म्हणाले, आणि स्वतःही बसले.

"मी प्राचार्यांशी बोललोय. तुमची नोकरी राहील. क्लासवाल्यांनाही मशीनं पुसायला माणूस लागणारच. लेकीला शाळेतून काढू नका. मी काही आता इथं येणार नाही. कळलं ना?"

"नाही, सर."

त्यांनी दचकून वर बघितलं. सवयीनं हात खिशाकडं गेला, पेन निघालं, वही उघडली.

"कुठं अडकलं, साळवे?"

"येणार नाही म्हणालात, तिथं."

सरांनी पेन कागदावर टेकवलं. मग वही न लिहिताच मिटली, माझ्या हातात दिली, आणि बाहेर जाऊन चपला शोधू लागले. समोरच होत्या, त्यांना दिसत नव्हत्या.