भिंतीतली बुक्की

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं की समोरच्या घराचं दारही दिसत नव्हतं. गारठा नुसता हाडात शिरत होता. कानवाला मिस्त्री पायरीवर बसून पान्याला तेल चोळत होता.

नळाच्या कामात त्याचा जन्म गेला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "इथं फोडा." तिथंच गळती निघायची. म्हणून हे नाव. हाताखालचा कुणी भिंतीवरून हात फिरवायला लागला की हा खेकसायचा, "म्हैस चाचपतोयस काय? पाइप बोलतो. ऐकायला शिक!"

त्याच कानांनी दगा दिला. ड्रिल मशीनच्या घरघरीत आधी बारीक आवाज गेले, मग जाडही जायला लागले. समोरच्याचे ओठ बघत तो वेळ मारून नेत होता. बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. एका मोठ्या इमारतीचं काम हातात आलं होतं; बहिऱ्या कानवाल्याला ते कोण देणार?

आणि अशात घरचेच पाइप वाजायला लागले.

"अहो, नळ बंद केला की भिंतीतून कुणी बुक्की मारल्यासारखं होतंय," बायको म्हणाली. "अर्धा सोडला तर नुसतं घूं घूं. बघा ना जरा."

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर लावला. मूठ कानाला. काही नाही. हात लावला असता तर तळव्याला थरथर कळली असती, पण हात लावणं त्याला कमीपणाचं वाटत होतं.

"काही वाजत नाहीये. तुझ्या डोक्यात वाजतंय."

तिनं ते खरं मानलं. सगळी वस्ती ज्याच्या कानावर भरवसा ठेवते, त्याला बायकोनं खोटं कसं पाडायचं? ती डॉक्टरकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तिला बसल्या जागी डुलकी लागायची, बोलताना शब्द अडखळायचे. गोळ्या आणून द्यायचा मात्र तोच, न विसरता.

आदल्या दिवशी तिची धाकटी बहीण राहायला आली होती. या धुक्याच्या दिवशी सकाळी न्हाणीत तिनं नळ सोडला, बंद केला आणि ओरडतच बाहेर आली.

"ताई, घर आहे का गिरणी? केवढ्यांदा वाजतंय!"

"तुला... तुलाही ऐकू येतंय?"

मेहुणीनं लागलीच लंबूला फोन केला. लंबू कानवाल्याच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं दुकान टाकून बसलेला. पिशवी घेऊन तो धुक्यातून उगवला.

"काका, तुमच्या घरी मी? सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

"उगवलाच नाहीये आज," मेहुणी म्हणाली.

कानवाल्याला हसायला आलं नाही. तो फाटकन म्हणाला, "ये, शिकव मला."

लंबू न्हाणीत गेला. बाकीची तिघं स्वयंपाकघरात, भिंतीसमोर. लंबूनं आतून नळ अर्धा सोडला. भिंत घुमायला लागली. मग त्यानं झटक्यात बंद केला, तशी मेहुणी दचकून मागे सरकली. बायकोनं कपाळावर हात नेला. कानवाला न्हाणीच्या दाराकडे बघत उभा होता.

"अरे सोड की नळ!" तो ओरडला. "झोपलास काय आत?"

मेहुणीनं आधी भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

लंबू बाहेर आला. त्यानं एकेकाचं तोंड पाहिलं आणि खाली मान घालून कामाला लागला. तळवा भिंतीवर ठेवला, थोडा सरकवला, तिथला गिलावा फोडला. आत क्लॅम्प निसटून पाइप विटेवर आपटत होता. क्लॅम्प त्यानं आवळला. मग मेन व्हॉल्व्हमधला झिजलेला वायसर बदलला. घूं घूं थांबलं.

जाताना त्यानं कानवाल्याच्या कानाशी तोंड नेलं आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "काका! मोठ्या इमारतीचं काम आता मी बघतो! तुम्ही आराम करा!"

समोरची खिडकी उघडली. दारात उभी असलेली मेहुणी निमूट आत निघून गेली.

बायकोनं फळीवरची गोळ्यांची पट्टी काढून त्याच्यासमोर धरली. सावकाश बोलली, त्याला ओठ वाचता येतील असं.

"माझी मीच वेडी ठरले. भाजी करपली की स्वतःला शिव्या घालायचे. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."

"काम गेलं असतं गं..."

"मी कुठं गेले असते?"

तिनं पाठ फिरवली. भांडी घासायला लागली. घासता घासता ती काहीतरी बोलत होती. मान हलत होती, खांदे हलत होते.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. "काय म्हणालीस?"

ती वळली नाही.

त्यानं कोपऱ्यातला झाडू घेतला आणि भिंतीखाली सांडलेला गिलावा गोळा करायला बसला.