चिरुटांवरची पांढरी पूड

"पुसून टाका ना ते पांढरं! उद्या साहेब पेटी उघडन, मंग तोंड लपवाले जागा नाइ भेटन."

"हात नोको लावू, शामकला. बुरशी नोहे ते."

"तं काय साखर हाये?"

"चिरुटाचं तेल हाये. चिरूट मुरला का वर येते. घे, हुंग."

शामकलानं हुंगलं अन् नाक मुरडलं. "मले तं गोऱ्याच्या बुटावानी वास येऊन राह्यला."

तिचा नवरा, खुशाल, हसला नाही. सालेकशाच्या जंगलातल्या सरकारी बंगल्यावर तो नऊ वर्षं रोजंदारीचा चौकीदार होता. सत्तेचाळीसला गोरा साहेब देश सोडून गेला तेव्हा वीस चिरुटांची पेटी कपाटातच राहिली आणि बंगल्याच्या सामानाच्या यादीत खुर्च्या-कंदिलांखाली चढली. आता चार वर्षांनी नवा साहेब नागपूरहून तपासणीला येत होता. त्यानं बरा शेरा मारला तर खुशालची नोकरी पक्की होणार होती.

पांढरं ओळखायची अक्कल त्याला फुकट आली नव्हती. नोकरीच्या पहिल्या दिवाळीत त्यानं घरची समई पुसावी तसे साहेबाचे सगळे चिरूट ओल्या फडक्यानं पुसून काढले होते. गोऱ्यानं कानफटात अशी हाणली की दोन दिवस त्या कानानं ऐकू येईना. वर आठवड्यात त्याच ओलीनं चिरुटांना खरी बुरशी धरली. तेव्हा फरक कळला. पूड सारखी पसरते, फुंकरीनं उडते, खाली पान साफ. बुरशी ठिपक्याठिपक्यानं येते, हिरवट, लवदार. पुसली तरी डाग राहतो आणि दमट मोहफुलासारखा कुबट वास मारते. अन् मोहफुलं तर तो चालायला लागल्यापासून निवडत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आला. सोबत कारकून यादोराव आणि लाकडाचे दोन ठेकेदार. पेटी उघडताच साहेब ओरडला, "सगळी बुरशी!"

"नाइ साहेब. बुरशी ह्या तीनले हाये, मी येगळे काढून ठेवलो. बाकीचे सतरा चांगले हायेत. हे पाहा." खुशालनं एकावर फुंकर मारली. पूड उडाली, तपकिरी पान चकाकलं.

एक ठेकेदार गालात हसला. तिथंच खुशालचं मढं निघालं.

"देखो, चौकीदार साब को चिरूट सिखा रहा है!" यादोराव म्हणाला.

साहेबाचे कान लाल झाले. "म्हणजे बुरशी लागली हे तू कबूल करतोस?"

"तीनले, साहेब."

"लिहा, यादोराव. देखभाल नाही. माल खराब. माणूस कायम करण्यास अयोग्य."

जेवणं झाली. साहेब ओसरीवर आरामखुर्चीत पसरला आणि ती सतरांची पेटी त्यानं मागवली. एक स्वतः पेटवला, दोन ठेकेदारांना दिले. डोळे मिटून म्हणाला, "वा! काय मुरलाय!"

खुशाल राखेसाठी बशी धरून उभा होता. "साहेब, मंग तो शेरा..."

"लिहून झालंय. बशी नीट धर."

ठेकेदार निघाले तेव्हा खुशाल मागे स्वयंपाकघरात आला. शामकला भांडी घासत होती.

"सांगत होती ना मी, पुसून टाका म्हून."

"पुसलं म्हून गोऱ्यानं हानलं. नाइ पुसलं म्हून यानं," खुशाल म्हणाला.

"मंग आता उभे कायले राह्यले? साहेबाले आंगधुनीले पानी पायजे."

त्यानं कोपऱ्यातल्या बादल्या उचलल्या, दोर खांद्यावर टाकला आणि विहिरीकडे गेला.