सारजाबाईंची कमरेएवढी फुलदाणी

उजनीच्या पाण्यात जलपर्णी माजली की पळसदेवच्या होड्या काठालाच अडकायच्या. झुंबरनं जाळं ओढलं की मासळी कमी आणि हिरवा पालाच जास्त निघायचा. तो शिव्या देत पाला काठावर फेकायचा आणि त्याची बायको सारजा तोच पाटीत भरून घरी न्यायची.

"आता ह्ये शिजवून घालतीस का काय आमाला?"

"शिजवणार हाय, पर तुमाला न्हाय."

लहानपणी आई रद्दी भिजवून, त्यात मेथीचं पीठ मिसळून टोपल्या लिंपायची, ते सारजाच्या डोळ्यांसमोर होतं. तिनं जलपर्णीचे देठ राखेच्या पाण्यात शिजवले, बारामतीच्या शिंप्यांकडची सुती कातरणं भिजत घातली आणि सगळं उखळात कांडलं. त्या लगद्याच्या तिनं वाट्या थापल्या, पण पहिल्या वाट्यांना बुरशी आली. मग तिनं लगद्यात कडुलिंबाचा पाला वाटून घातला आणि वाट्या कडक उन्हात वाळवल्या. वाट्या सुपासारख्या हलक्या निघाल्या, अंगावर कातरणांचे लाल-निळे ठिपके घेऊन.

सारजानं त्या बारामतीत विकायला नेल्या, तेव्हा तिथं शेतीमालाचं प्रदर्शन भरवणाऱ्या माधवीताईंनी त्या पाहिल्या. "सारजाबाई, प्रवेशदाराशी ठेवायला कमरेएवढी फुलदाणी कराल?"

"करीन की!" सारजा बोलून तर गेली, पण एसटीत बसल्यावर ती हातानं कमरेएवढी उंची पुन्हा पुन्हा मापू लागली. एवढं मोठं तिनं कधी केलंच नव्हतं.

अंगणात रांजण पालथा घालून तिनं त्यावर लगदा थापला. सकाळी बघते तर सगळा घसरून खाली ढीग. सून सुप्रिया हळहळली, "आत्याबाई, ताईंना न्हाय म्हणून कळवू का?"

"न्हाय कशाला? घाई माजीच झाली. भाकरीवानी पातळ थापायचं. एक थर वाळला की मग दुसरा."

तसंच केलं. कवच खणखणीत वाळल्यावर सारजानं ते उभं चिरलं, रांजणावरून दोन फाका अलगद सोडवल्या आणि कापडाच्या पट्ट्या खळीत बुडवून सांधल्या. वरून पुन्हा लगदा फिरवला. सांधा कुठं आहे ते सुप्रियालाही सापडेना.

टेम्पोत फुलदाणी झुंबरनं धरली होती. बारामतीत मैदानावर उतरवताना ती त्याच्या हातून सुटली, टेम्पोच्या फाळक्यावर आपटली आणि गडगडत थेट मांडवाच्या खांबाला जाऊन धडकली. माधवीताईंनी डोळे मिटले.

सारजा धावली. फुलदाणी उभी केली, बोटांनी टिचक्या मारत चहूबाजूंनी तपासली. तडा नाही, पोचा नाही.

"मातीची असती तर खापऱ्या येचत बसलो असतो," ती म्हणाली आणि इतकं मोकळं हसली की मांडव बांधणारी माणसंही हसत जवळ आली.

तिनं स्वतःच्या हातानं उसाचे पांढरे तुरे फुलदाणीत उभे केले. ते तिच्या डोक्याच्याही वर गेले. प्रदर्शन उघडताना माइकवरून "पळसदेवच्या सारजाबाई" असं नाव घेतलं, तेव्हा डोक्यावरचा पदर सावरत ती ताठ मानेनं पुढं झाली. टाळ्या वाजत होत्या आणि त्यात झुंबरच्या सगळ्यात मोठ्या होत्या.