कृष्णेच्या भरतीची वाट पाहणारे काका

मी लिहिणारा माणूस नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. सही करता येणारासुद्धा मीच पहिला. त्यामुळे कुणाविषयी चार ओळी लिहायचे धाडस करताना आधी माफी मागतो. त्यातून ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांच्यासाठी पूर्वी एकदा लिहून मी मोठा घोटाळा केला आहे. तरीही लिहितो, कारण कृष्णेच्या उगमापासून सांगलीच्या घाटापर्यंत आमच्या चुलतकाकांसारखा माणूस दुसरा नसेल.

इस्लामपूरजवळ नदीकाठी आमचे गाव. तिथून काका लढाईत खेचरे हाकायला गेले आणि खेकडे धरणारे होऊन परत आले. ब्रह्मदेशात समुद्राजवळच्या एका नदीवर त्यांची तुकडी बरेच महिने पडून होती. तिथे वडूजकडचा एक जोडीदार आणि काका एका जुन्या होडीत बसून खेकडे धरीत. त्या वडूजकराने तर जन्मात एवढे पाणीच पाहिले नव्हते. गावी आल्यावर होडी कुठली मिळायला? काकांनी गुऱ्हाळावरची जुनी काहील आणली. गूळ शिजवायच्या त्या लोखंडी कढईतून महापुरात आम्ही माणसे काढतो. पण भर उन्हाळ्यात, कंबरभर पाण्यात रोज तिच्यात बसणारे काका एकटेच. काहील गोल, तिला पुढे-मागे काही नाही. वल्हे मारले की ती जागच्या जागी गरगर फिरे. काका म्हणत, "चारी बाजूंनी ध्यान ठेवाया बरं पडतंय."

सुतळीला कोंबडीचे आतडे बांधून ते पाण्यात सोडीत. खेकड्याने नांगी आवळली की श्वास रोखून सुतळी वर घेत आणि खेकडा दिसताच आनंदाने ओरडत, "शाबास, जवान!" एवढ्यावर जवान नांगी सोडून पसार होई. पौर्णिमेच्या आसपास ते सुतळी सोडीत नसत. तेव्हा खेकडा आतून पोकळ असतो म्हणे. त्या परदेशी नदीला दिवसातून दोनदा भरती येई, म्हणून आमच्या कृष्णेच्या कडेलाही ते रोज सकाळी एक काठी रोवून पाणी चढते का ते पाहत. धुणे धुणाऱ्या बाया त्यांना छेडीत.

"सुभेदार, आली का वं भरती?"

"निघालीया. लांबनं यायचं हाय तिला."

"कवा पोचंल?"

"तुझी धुनी व्हायच्या आदी."

काहिलीत ते एका अंगाला बसत आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या अंगाला जात्याचा दगड ठेवीत. मी एकदा तिथे बसू का म्हणून विचारले, तर म्हणाले, "जागा धरल्याली हाय." ती जागा वडूजकराची होती. 'आमच्याकडं पानी न्हाई, मीच येतो,' असे निरोप घेताना तो म्हणाला होता. काकू वारून वर्षे झाली होती. घरी बोलायला कुणी नाही. चुकून हाती लागलेले खेकडेही काका पुष्कळदा परत सोडून देत. "वडूज काय लांब हाय? तुमीच जावा की," मी म्हणे. "मी गेलो तर त्याचा शबुद खोटा पडंल न्हवं?"

दोन वर्षे वाट पाहून त्यांनी मला पोस्टकार्ड लिहायला बसवले. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. काका सांगू लागले, "ल्ही. अरं मुडद्या, जित्ता हाईस का मेलास? त्वांड दाव, न्हाईतर थोबाड फोडीन." असले उघड्या कार्डावर कसे लिहायचे? मी लिहिले, 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष. सवडीनुसार दर्शनाचा लाभ द्यावा.' वाचून दाखव म्हणाले तेव्हा मात्र त्यांचेच शब्द म्हणून दाखवले. काकांनी समाधानाने मान हलवली. उत्तर आले नाही. वर्षभर काका पोस्टमनला वेशीपाशी गाठत राहिले.

यंदा सांगलीच्या वसतिगृहात वडूजचा एक मुलगा भेटला. काकांचा जोडीदार त्याच्या शेजारचाच निघाला. ते कार्ड यानेच वाचून दाखवले होते.

"ऐकून परत एकदा वाचाया लावलं," तो म्हणाला. "मग म्हनले, 'येवढा मान? माझ्यावर लय रागावलाय त्यो. राग उतरला की शिव्या दील, तवा जाईन.'"

त्या दिवशी मी वर्गात गेलो नाही. नवे कार्ड आणून काकांचा शब्द न् शब्द आठवून लिहिला. पेटीत टाकताना कुणी पाहत नाही ना, हे दोनदा पाहिले. मग महिनाभर संध्याकाळी घाटावर जाऊन बसत होतो. इथले पाणी आमच्या गावावरूनच येते. पण ते काही सांगत नाही.

काल वडिलांचे पत्र आले, गावच्या मास्तरांकडून लिहवलेले. घरची खुशाली, म्हैस व्याल्याचे, आणि शेवटी एवढेच: 'वडूजचे पाव्हणे आले. दोघे सकाळी काहिलीतून गेले ते दुपार टळली तरी परतले नाहीत, म्हणून बघायला गेलो. पलीकडच्या काठाला बाभळीखाली शेजारी शेजारी बसले होते. समोर पाण्यात काठी रोवली होती. मी हाक न मारता परत आलो.'