दूधभातावरचा बिबट

माझ्या सासऱ्यांनी बांबूच्या कटाईवरून बिबटाचं पिल्लू घरी आणलं, तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. पिल्लाची आई कुणीतरी मारली होती. धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलं त्यांनी ते, आणि पोटच्यासारखं वाढवलं. तेवढं मी मान्य करते. पण असल्या मायेनं माझं डोकं फिरायचं.

कारण त्यांचा एकच हुकूम होता, रक्ताची चव लागू द्यायची नाही. "आज मासोळी देशीन, उद्या ते बकरी मागन, परवा पाळण्याकडं पाह्यन," म्हणायचे. म्हणून त्याला दोन्ही वेळा दूधभात. आणि आमचं घर कसलं, तर ब्रह्मपुरीकडचं, तलावातल्या मासोळीवर जगणारं. दारात टोपल्या उतरल्या की वासानं ते जनावर वेडं व्हायचं. खांबाभोवती गरगर फिरायचं, दोरीला हिसके द्यायचं, परत फिरायचं. सकाळी सारवलेली जमीन दुपारपर्यंत उकरलेली. मग मलाही एका जागी बसवत नसे. चुलीपाशी असले तरी कान त्याच्याकडेच.

पुढे पुढे ते फिरणं कमी झालं. पुढचे पाय विळ्यासारखे वाकले. गावातली माणसं बघायला येत आणि म्हणत, "किती गरीब हाय, बसूनच राह्यते." सासऱ्यांची छाती फुगायची आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. अरे, ज्याला उभं राहिलं की कळा येतात, ते बसणार नाही तर काय करणार?

एक दिवस मी तोंड उघडलंच. "मामाजी, माह्यं लेकरू बी इथीच हाय. तरी त्याले मटण द्या. नाई तर मरन ते."

"तुले काय समजते," एवढंच म्हणाले, आणि त्याच्यापुढं दूधभाताचं ताट सरकवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते पिल्लू ओट्यावरून अंगणात उतरत होतं. ओटा केवढा, हातभर उंच. कट्ट आवाज झाला आणि पुढचा पाय मोडून लोंबायला लागला. झाडावर चढायचं जनावर ते. मला रडू कोसळलं.

सासरे तसेच उठले. कोंबडा कापला आणि तुकडे तळहातावर घेऊन त्याच्यापुढं बसले. मी मुलीला कडेवर घट्ट धरून दारात उभी. त्यानं एकेक तुकडा सावकाश उचलला, मग हाताला लागलेलं रक्त चाटून काढलं.

"खाऊन राह्यलं पाह्य, बाई," सासरे म्हणाले.

मग रोज मटण आणलं त्यांनी. पण त्याला उठता आलं नाही आणि एका सकाळी ते गार पडलेलं दिसलं. सासऱ्यांनी स्वतः खड्डा खणला. संध्याकाळी मी ताट वाढलं, तर हात न लावता बसून राहिले. मला खूप बोलायचं होतं. इतके महिने साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

तेच आधी बोलले. "रगत चाटलं बाई त्यानं माह्या हातावरचं," म्हणाले, "अन् बोटाले दातबी लागू देल्ला नाई."