‘येते’ न म्हणणारी ताई

“येते म्हणाली! येते म्हणाली!”

सीताबर्डीतल्या साड्यांच्या दुकानात, भर गर्दीत, माझी नऊ वर्षांची मिनू गादीवर आडवी पडून ओरडत होती. ओरडणं कसलं... रामटेकच्या गडावरच्या माकडांनी त्या दुपारी कानांवर हात ठेवले असणार, अशी माझी खात्री आहे. गिऱ्हाइकांनी आमच्याभोवती असं कडं केलं की हवेलाही आत यायला वाट नव्हती. “लाडावून ठेवलंय,” एक बाई म्हणाल्या. दुसरीने दृष्ट काढायचा सल्ला दिला. मी तिला उचलून बाहेर पडायला धडपडत होतो आणि दुकानदाराने, का ते देव जाणे, शटर अर्धं खाली ओढलं!

तेवढ्यात माझी थोरली बहीण शोभाताई काटोलच्या बाजारात संत्र्यांचे ढीग सारावे तशी माणसं सारत आत घुसली आणि मिनूशेजारी चक्क आडवी झाली. खाली पंधरा-वीस शालू तरी चिरडले असतील. छताकडे बघत तिने हळूच विचारलं, “कोन येते म्हनालं वं तुले?”

“आई.”

माझी बायको सुनीता “येते हं” म्हणून शेजारच्या दुकानात गेली होती. येते म्हणाली, आणि गेली!

ताईला जाऊन आता महिना होईल. ती काटोलहून आमच्याकडे राहायला आली, दुकानातला तो प्रकार त्याच आठवड्यातला. तेव्हा आमचा फ्लॅट म्हणजे जेल झाला होता. गर्दी, आवाज, अचानक बदललेला बेत, मिनूला काहीच सोसत नसे. लग्नं सुटली, बारशी सुटली. शेजाऱ्यांच्या तक्रारींपायी खिडक्या इतक्या घट्ट लावायचो की पालीलाही बाहेर जायला अर्ज करावा लागे.

“लेकरू जिद्दी नाही गा,” ताई म्हणाली. “तुम्ही जाऊन राहिले, अन् म्हनता येतो. थे बिचारी वाट पाहून राहिली.”

आता मराठी घरात उंबऱ्यावर ‘जातो’ कोण म्हणतं? पण ताईने फर्मानच काढलं. जाणाऱ्याने ‘जातो’ म्हणायचं, परत येणार असेल तर कधी येणार तेही सांगायचं. दूधवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना हा कायदा लागू. सासरे तर पहिल्यांदा ‘जातो’ म्हणताना असे पांढरेफटक पडले की पाणी पाजावं लागलं. मग ताई मिनूला बाहेर काढू लागली. आधी फक्त फाटकापर्यंत. मग चौकापर्यंत. मग दुकानाच्या पायरीला हात लावून माघारी. निघण्याआधी सगळं खरंखरं सांगायचं: हॉर्न वाजतील, लोक बघतील, मग घरी. आणि रडू फुटायच्या आत परत फिरायचं. असं करत करत पोरीने एकदा चौकातल्या टपरीवर उभं राहून तर्री-पोहे खाल्ले. त्या दिवशी मी आनंदाने टपरीच विकत घेणार होतो, सुनीताने आवरलं.

पण हे सगळं ताईचं बोट धरून. बोट सुटलं की आमचं दार पुन्हा बंद. आम्ही दोघं ताईशिवाय तिला नेण्याची हिंमत करतच नव्हतो...

मग ताईच्या छातीत दुखू लागलं. आम्ही तिला धरून ऑटोत बसवलं. मिनू फाटकाशी उभी. नेहमी ताई तिला ‘जाते, सांजेले परत येते’ असं पुरतं सांगायची. त्या दिवशी म्हणाली, “जाते वं, मिनू.” पुढचं काहीच नाही. सुनीता रडकुंडीला आली. “ताई, आज तरी येते म्हणा हो!”

“लेकराशी खोटं काहून बोलू?” ताई म्हणाली. ऑटो सुटला.

तेरवीला अख्खं काटोल आमच्या दोन खोल्यांत कोंबलं होतं. भांड्यांचा खणखणाट, रडारड, अनोळखी हात. मी आतल्या दाराला पाठ लावून उभा. आता ही फुटणार, आता फुटणार... तेवढ्यात गावाकडच्या काकूंनी मिनूला जवळ ओढलंच. “रडू नको माय. आत्या गावाले गेली, येईल हो.”

मिनू रडत नव्हतीच. तिने त्यांचा हात बाजूला केला.

“नाही येणार,” ती म्हणाली. “परत येते म्हणाली नाही.”